घर पडतं तेव्हा दाराचं काय होतं?

मी बचत गटांची सहयोगिनी. आपली भेट एरवी गटाच्या बैठकीत होते. तेव्हा बोलणं असतं कर्जाच्या हप्त्याचं, मोहफुलाच्या भावाचं, नाहीतर बँकेत अडकलेल्या कागदाचं. आज मात्र मी दारांविषयी आणि खांबांविषयी बोलणार आहे. जुनी घरं पाडली जातात तेव्हा त्यांच्यातलं काय वाचवता येतं, ते आजवर कोणी वाचवलं आणि त्यात आपलं काम कोणतं, एवढंच आजचं बोलणं.

सुरुवात माझ्याच घरापासून करते.

माझं माहेर चंद्रपूरचं. परकोटाच्या आतल्या जुन्या वस्तीत माझ्या आजीचं घर होतं. वर कवेलू, पुढे सपरी आणि मधे सागवानी चौकटीचा मोठा दरवाजा. चौकटीच्या वरच्या पट्टीवर गणपती कोरलेला, दोन्ही बाजूंना वेल. दार उघडलं की आधी कडी वाजायची, मग बिजागरी कुरकुरायची. आजी सांगायची, “बाहेरून कोण आलं ते मला कडीच्या आवाजावरून कळते.” दर दिवाळीला त्या दाराला तेलाचा हात फिरायचा आणि ते काम बायकांचंच असायचं. उंबरठा मधोमध झिजून खोलगट झाला होता. त्यावरून किती सुना आत आल्या आणि किती लेकी बाहेर गेल्या, याचा हिशोब फक्त आजीच्या तोंडी होता.

आजी गेल्यावर वाटण्या झाल्या आणि घर पाडून तिथे पक्कं घर बांधायचं ठरलं. घर पाडायच्या आदल्या आठवड्यात जुनं लाकूड घेणारा एक माणूस आला. दार, दोन खांब आणि माडीचा जिना असं सगळं मिळून त्याने अकरा हजार रुपये सांगितले. घरातल्या सगळ्यांना ते खूप वाटले. मलाही वाटले. त्या पैशांतला माझ्या वडिलांच्या वाट्याचा भाग माझ्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या फीला गेला. म्हणून त्या विक्रीबद्दल कोणाला नावं ठेवायचा मला हक्क नाही. दार गेलं आणि मी शिकले.

पण एक गोष्ट आजही टोचते. ते दार कोणत्या सुताराने केलं, लाकूड कुठून आलं, घर कोणी बांधलं, यातलं काहीच आम्ही लिहून ठेवलं नाही. दाराचा एक फोटोसुद्धा काढला नाही. दार कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या हॉटेलात किंवा बंगल्यात उभं असेल, तर तिथे ते ‘जुनं दार’ एवढंच असणार. चंद्रपूर नाही, आजी नाही, काही नाही.

ही टोचणी खरी कळली ती पुण्यात. काही वर्षांपूर्वी आपल्या गटांचा माल घेऊन आम्ही सहा जणी तिथल्या विक्री प्रदर्शनाला गेलो होतो. एक दुपार मोकळी मिळाली आणि आम्ही बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहायला गेलो. तिथे एका दालनात पाटी होती, ‘मस्तानी महाल’. आत कोरीव लाकडी खांब, महिरपी आणि छत. आमच्यातली एक काकू म्हणाली, “बाई, हे तर घराच्या आत घर आणून ठेवलंय.” ती बरोबर बोलली होती. तो खराच एका पाडलेल्या घराचा भाग आहे.

आता ही गोष्ट नीट सांगते, कारण आजच्या बोलण्याचा गाभा तीच आहे.

पहिला बाजीराव पेशवा आणि मस्तानी यांची नावं सिनेमामुळे सगळ्यांना माहीत झाली. १७२९ साली बुंदेलखंडाचा राजा छत्रसाल मोगल सरदार मुहम्मदखान बंगशाच्या वेढ्यात सापडला, तेव्हा बाजीराव त्याच्या मदतीला धावून गेला. मस्तानी ही छत्रसालाची मुलगी, असं परंपरेने सांगतात. ती बाजीरावाबरोबर पुण्याला आली. पुढच्याच वर्षी, १० जानेवारी १७३० रोजी, पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. २२ जानेवारी १७३२ रोजी वाड्याची वास्तुशांत झाली. त्या बांधकामाचा तेव्हाचा खर्च १६,११० रुपये सांगतात. सागवान जुन्नरच्या जंगलातून आलं, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीकडून.

त्या वाड्यात मस्तानीसाठी वेगळा भाग होता आणि तिच्या नावाचा एक दरवाजाही होता. पण पेशव्यांच्या घराने तिला आपलं मानलं नाही. १७३४ साली बाजीरावाने तिच्यासाठी कोथरूडला वेगळं घर बांधलं. आज कोथरूड पुणे शहरात गजबजून गेलंय, त्या वेळी ते शहराबाहेरचं गाव होतं. कर्वे रस्त्यावर मृत्युंजयेश्वराचं मंदिर आहे, ती त्या घराची जागा असं सांगतात. त्याच वर्षी मस्तानीला मुलगा झाला, समशेरबहाद्दर. तो पुढे १७६१च्या पानिपतच्या लढाईत मराठ्यांकडून लढला आणि जखमी होऊन मेला.

१७४० साली २८ एप्रिलला नर्मदेकाठी रावेरखेडी इथे बाजीराव वारला. त्याच वर्षी मस्तानीही गेली. शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी तिची कबर आहे. पुढे १८१८ साली पेशवाई बुडाली आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी शनिवारवाड्याला आग लागली. ती कित्येक दिवस जळत राहिली. वाड्याचा वरचा सगळा लाकडी भाग त्यात गेला. उरला तो दगडी तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद. म्हणजे शनिवारवाड्यात मस्तानी जिथे राहिली ते दालन राखेत गेलं. तिच्या राहण्याची लाकडी खूण म्हणून जे हाताला लागतं, ते कोथरूडच्या घराचं. तेही घर आज जागेवर नाही. पण त्याचे भाग कोणीतरी उतरवून आणले आणि छपराखाली पुन्हा उभे केले.

तो कोणीतरी म्हणजे दिनकर गंगाधर केळकर. त्यांचा जन्म १८९६चा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहायचे. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला आणि तो जन्मभर सुटला नाही. गावोगाव फिरून ते वस्तू आणायचे. त्यांच्या पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी संग्रहाला राजाचं नाव दिलं. १९७५ साली त्यांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. १९९० साली ते गेले. तोवर वस्तूंची संख्या वीस हजारांच्या वर गेली होती, आणि त्यांतला थोडाच भाग एका वेळी मांडता येतो.

मला त्या संग्रहालयात सगळ्यात काय आवडलं असेल, तर तिथे तलवारींपेक्षा घर जास्त आहे. अडकित्ते आहेत, दिवे आहेत, स्वयंपाकाची भांडी आहेत, पाय घासायच्या वज्री आहेत, फणेरपेट्या आहेत, कोरीव दारं आणि खिडक्या आहेत. राजांचा इतिहास कागदावर राहतो, कारण त्यांच्याकडे लिहिणारे कारकून होते. रोज उंबरठा सारवणाऱ्या बाईकडे कारकून नव्हता. तिचा इतिहास तिच्या हाताखालून गेलेल्या वस्तूंतच असतो. घर पडलं की आधी त्याच वस्तू जातात, कारण मोडीच्या बाजारात त्यांना किलोचा भाव असतो आणि घरच्यांना त्या जुनाट वाटतात.

आता तुम्ही विचाराल, पुण्यात असे वाडे होते तरी किती, आणि गेले कसे? पेशवाईत आणि नंतरही पुण्याच्या पेठांमधून वाडे उभे राहिले. खाली दगडी जोतं, वर विटामातीच्या भिंती आणि सगळा भार पेलणारा सागवानी सांगाडा. मधे चौक, चौकाभोवती ओसरी. खांब सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत जाणारे, खांबांच्या मधे महिरपी, महिरपीला लटकलेली लाकडी केळफुलं आणि डोक्यावर कडीपाटाचं छत. मोठ्या दरवाजातच माणसापुरती छोटी दिंडी असायची. १८०७ साली दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला विश्रामबागवाडा आजही उभा आहे. तिथे हे काम दर्शनी भागावर पाहायला मिळतं. १८७९च्या मे महिन्यात त्यालाही आग लागली होती आणि त्याचा बराच भाग जळाला होता. लोकांनी वर्गणी काढून आणि नगरपालिकेने पैसे घालून तो पुन्हा बांधला. त्याच वेळी जळालेला बुधवारवाडा मात्र परत उभा राहिला नाही.

आग हा वाड्यांचा एक शत्रू, पाणी दुसरा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेच्या काठच्या पेठांतले कितीतरी जुने वाडे एका दिवसात बसले. पण सगळ्यात जास्त वाडे गेले ते ना आगीने, ना पुराने. ते घरातल्या वाटण्यांनी, थोड्याशा भाड्यावर राहणाऱ्या भाडेकऱ्यांच्या आणि मालकांच्या भांडणांनी, दुरुस्तीला पैसा नसल्याने आणि जागेचा भाव वाढल्याने. एका वाड्याच्या जागी पाच मजली इमारत झाली की दहा वाटेकऱ्यांना दहा घरं मिळतात. त्यांना कोणत्या तोंडाने म्हणायचं की पाडू नका? पडक्या माडीखाली लेकरं झोपवायला कोणाला आवडतं?

म्हणून घर पडणार हे धरूनच काही लोकांनी पुढचा विचार केला. पडणाऱ्या घराचं लाकूड चार ठिकाणी जातं. काही जळणाला जातं. काही कापून त्याच्या फळ्या निघतात, कारण जुनं सागवान मुरलेलं असतं आणि नव्या फर्निचरला चांगलं लागतं. काही जुन्या बाजारात जातं. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरायचा, मुंबईत चोर बाजार आहे. तिथून कोरीव दारं हॉटेलांत, बंगल्यांत आणि परदेशातही पोचली. चौथी वाट संग्रहालयाची. तिथे फार थोडं पोचतं.

संग्रहालयात न्यायचं तर घर पाडायचं नसतं, उतरवायचं असतं. जुन्या लाकडी कामात खिळे कमी. एका लाकडाचा दाता दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसवलेला असतो आणि वरून लाकडी खुंटी मारलेली असते. घर वरून खाली उतरवत यावं लागतं, आधी छत, मग तुळया, मग महिरपी, शेवटी खांब. उतरवण्याआधी फोटो आणि नकाशा काढायचा. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालायचा. नाहीतर वीस खांब आणि चाळीस महिरपी एका ढिगात पडल्या की कोणती कोणाची हे करणाऱ्या सुतारालासुद्धा सांगता यायचं नाही. लाकूड जमिनीला टेकवून ठेवायचं नाही, वाळवी खाते. थेट उन्हातही ठेवायचं नाही, चिरतं. हे सगळं करायला वेळ लागतो, आणि पाडायचा ठेका घेतलेल्या माणसाकडे वेळच नसतो. म्हणून जे काही ठरवायचं, ते पहिली कुदळ पडायच्या आधी ठरवावं लागतं.

दगडाचं कामही असंच. आपल्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडादेवाची देवळं आहेत, महाशिवरात्रीला तुमच्यापैकी किती तरी जणी जातात. तिथल्या मुख्य देवळाचा वरचा भाग उतरवून पुन्हा रचायचं काम पुरातत्त्व खात्याने हाती घेतलं. ते वर्षानुवर्षं रेंगाळलं म्हणून भाविकांनी ओरड केली, तीही आपण ऐकली. उतरवणं एक वेळ सोपं असतं, परत रचणं कठीण. त्याला पैसा लागतो आणि धीर लागतो.

ही कल्पना फक्त आपलीच नाही. स्वीडन देशात आर्तुर हाझेलिउस नावाचा एक शिक्षक होता. त्याच्या काळात रेल्वे आली, कारखाने आले आणि खेड्यांतली लाकडी घरं भराभर जायला लागली. त्याने देशाच्या वेगवेगळ्या भागांतली घरं उतरवून राजधानी स्टॉकहोमला आणली, पुन्हा उभी केली आणि १८९१ साली ती लोकांना पाहायला खुली केली. त्या जागेचं नाव स्कान्सेन. आपल्याजवळ गोव्यात, बाणावलीला, व्हिक्टर ह्युगो गोमिश यांनी ‘गोवा चित्र’ नावाचं संग्रहालय उभं केलं. तिथे शेतीची आणि घरातली जुनी अवजारं तर आहेतच, पण खुद्द इमारतीतच पाडलेल्या जुन्या गोवेकर घरांची दारं, खिडक्या आणि खांब वापरलेत. म्हणजे वाचवलेली वस्तू नुसती मांडून ठेवली नाही, तिला पुन्हा कामाला लावलं. मला ही पद्धत फार पटते. दार उघडण्या-मिटण्यात राहिलं तरच ते दार.

आता या सगळ्याचा आणि आपल्या सूरजागडचा काय संबंध?

एक संबंध सागवानाचा. शहरातल्या वाड्यांना आणि मोठ्या इमारतींना लागणारं चांगलं लाकूड जंगलातून येतं. आपल्या आलापल्लीचं आणि बल्लारपूरच्या डेपोतलं सागवान देशभर नावाजलेलं आहे. २९ मार्च २०२३ रोजी अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान पाठवलं, तेव्हाची शोभायात्रा आपल्यापैकी काही जणींनी पाहिली असेल. शहराच्या दारात उभं असलेलं झाड कोणत्यातरी जंगलात वाढलेलं असतं. ते तोडणारे, ओढणारे, बैलगाडीत चढवणारे हात जंगलातल्या माणसांचे असतात. आजीच्या दाराचं लाकूड कुठलं, हे आम्ही विचारलं असतं, तर कदाचित मला आजच्या या गावांपर्यंतचा रस्ता तेव्हाच सापडला असता.

दुसरा संबंध चंद्रपूरचा. गोंड राजांनी बांधलेला परकोट अजून शहराला वेढून आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे, आणि पाच खिडक्या. खिडकी म्हणजे तटातलं छोटं दार. त्यांची नावं बगड, हनुमान, विठोबा, मसन आणि चोर. दरवाजांवर गोंड राजांची खूण कोरलेली आहे, हत्तीवर मात करणारा सिंह. अंचलेश्वराजवळ राणी हिराईने आपला नवरा राजा बीरशहा याची समाधी बांधली. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली ती देखणी वास्तू आहे, आणि ती बांधणारी आपल्याच भागातली गोंड राणी होती, हे आपल्या मुलींना सांगायला हवं.

या परकोटावर झाडं उगवली होती आणि कचऱ्याचे ढीग साचले होते. मार्च २०१७पासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी जाऊन तो साफ करायला घेतला. देशभर त्याचं नाव झालं. जे अजून उभं आहे ते जागेवरच सांभाळणं, हे पहिलं काम. तुकडा उचलून नेणं हे दुसरं, आणि तेही नाइलाजाचं. मस्तानीचे खांब वाचले याचा आनंद आहे, पण ते ज्या अंगणाकडे बघत उभे होते ते अंगण गेलंच. संग्रहालयातल्या त्या खांबांना ना पाऊस लागतो, ना अंगणातल्या कोणाची हाक ऐकू येते.

तिसरा संबंध आपल्या घरांचा. आपल्याकडे वाडे नाहीत. लाकडी खांब, बांबूचे कूड, माती आणि वर कवेलू किंवा गवत, अशी आपली घरं. पण आता गावोगाव घरकुलं मंजूर होतायत आणि जुनी घरं पडतायत. पडू देत, मी नाही म्हणणार नाही. पावसाळ्यात गळकं घर सांभाळायचे हाल मी स्वतः भोगलेत. मागच्या वर्षी एका गावात मी हप्त्याच्या बैठकीला गेले होते. चूल पेटलेली होती आणि चुलीत कोरीव खांबाचा तुकडा जळत होता. मी विचारलं तर घरची सून म्हणाली, “सासऱ्याच्या बापानं केलता म्हणे. आता नवीन घरात त्याचं काय काम?” तिचं काही चुकलं नव्हतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं की हा खांब ठेवायचा का. मला माझी फी आठवली.

त्या दिवसानंतर आमच्या ग्रामसंघात एक गोष्ट सुरू केली. ज्या घराचं पाडकाम ठरलंय, तिथे गटातल्या दोघी जणी आधी जातात. वहीत पाच गोष्टी लिहितात. घर कोणी बांधलं? सुतार कोण होता आणि कोणत्या गावचा? लाकूड कोणत्या झाडाचं आणि कुठलं? या दाराशी किंवा खांबाशी घरातली कोणती आठवण जोडलेली आहे? आणि ती वस्तू आता कुठे जाणार? मोबाईलवर दोन फोटो काढतात, एक लांबून पूर्ण घराचा आणि एक जवळून कोरीव कामाचा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारल्याशिवाय वही बंद करायची नाही, हा नियम. माडिया बोलीत सांगितलं तर माडियातच लिहायचं, शाळेतली मुलगी मदत करते. खर्च काही नाही, एक वही आणि एक तास.

यातून काय झालं? तीन घरांनी जुनी चौकट नवीन घरकुलात आतल्या खोलीला बसवली. एका गावात दोन जुने खांब गटाच्या बैठकीच्या मांडवाला लावले. काही घरांनी लाकूड विकलं, पण विकण्याआधी दोन ठिकाणी भाव विचारला. बाकीचं जळालं. पण जे जळालं त्याचंही नाव वहीत आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली कायद्याची. १९७२चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी कोरीव वस्तू, इमारतीपासून सुटी केलेली असली तरी, त्यात येते. अशा वस्तूंचा धंदा करायला सरकारी परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा कोणी गाडी घेऊन आला आणि घाई करायला लागला, तर नाव विचारा, परवाना विचारा, पावती मागा. रात्रीतून गाडी भरून देऊ नका.

दुसरी गोष्ट याहून मोठी. काही वस्तू उचलायच्याच नसतात. गावाच्या शिवेवर आपल्या पूर्वजांच्या आठवणीचे उभे दगड आहेत. गोटूलाचं बांधकाम आहे. सूरजागडच्या डोंगरावरचा ठाकूरदेव आहे. या गोष्टी कोणा एका घराच्या नाहीत, त्यामुळे एका माणसाने त्यांचा सौदा करायचा प्रश्नच येत नाही. त्यांचं काय करायचं हे गावाने ग्रामसभेत बसून ठरवायचं. आणि तिथे बायका नुसत्या अंगठ्याला नाही, बोलायला हव्यात. संग्रहालयात ठेवलेला उभा दगड सुंदर दिसेल, पण कोणाचा बाप त्याखाली आठवला जातो ते तिथे कळणार नाही.

शेवटी आजीच्या दाराबद्दल. दार मिळालं नाही आणि मी शोधलंही नाही. पण मागच्या उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा धाकट्या काकूने एका डब्यातून त्या दाराची लोखंडी कडी काढून दिली. लाकडाचा सौदा झाला तेव्हा भंगारात जाण्याआधी तिने ती काढून ठेवली होती, आणि इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, “तुझ्या आजीला आवाजावरून माणूस कळायचा, म्हणून ठेवली.” मग मी तिला आपल्या वहीतले पाचही प्रश्न विचारले. सुताराचं नाव तिला आठवलं नाही, पण तो मूलचा होता हे आठवलं. एवढं तर एवढं, मी लिहून घेतलं. कडी आता माझ्या घराच्या दाराला आहे.

या पावसाळ्याआधी तुमच्या गावात कोणाचं घर पडणार असेल, तर पाडायच्या आधी गटाच्या बैठकीत सांगा. वही घेऊन आपण येऊ.